कट्टा पडद्यावर गेला तेव्हा

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

मी डोंबिवलीचा. फोर्टमधल्या एका विमा कचेरीत ३४ वर्षं काढली आणि २००४ साली निवृत्त झालो. आमच्या पिढीतल्या डोंबिवलीकर पुरुषाचा दिवस कसा जायचा हे बऱ्याच जणांना सांगायला नको. सकाळी सातला घर सोडायचं, रात्री आठला परत. शेजारी कोण राहतं ते दारावरच्या पाटीवरून माहीत. मैत्री म्हणाल तर ती गाडीतली. ठरलेली गाडी, ठरलेला डबा. ब्रीफकेस मांडीवर आडवी टाकून पत्ते, नाहीतर दरवाजाशी उभं राहून भजन. कुठलं स्टेशन आलं की बसलेल्याने उठून उभ्याला जागा द्यायची, तेही ठरलेलं. आमची सात बावन्नची होती. वीस-वीस वर्षं एकत्र प्रवास केलेल्या माणसाचं घर कुठं आहे हे आम्हाला माहीत नसायचं, पण त्याच्या मुलीचं लग्न कुठं अडलंय ते माहीत असायचं.

निवृत्तीच्या दुसऱ्या दिवशी ही गाडी आपल्याशिवाय सुटते. आमच्या बायकांचं तसं झालं नाही. त्यांची भिशी होती, भजनी मंडळ होतं, हळदीकुंकू होतं, वाटीभर साखरेच्या निमित्ताने इमारतभर ओळखी होत्या. आम्हाला मात्र साठाव्या वर्षी नव्याने माणसं शोधावी लागली. त्यातूनच आमचा कट्टा निघाला. बायकांना मज्जाव असा काही नियम नव्हता, पण त्या आल्याही नाहीत. त्यांना गरजच नव्हती.

रोज संध्याकाळी पाच ते सात बागेतले दोन बाक आणि दर गुरुवारी वाचनालयाच्या माडीवरच्या खोलीत रीतसर सभा. रीतसर म्हणजे काय, तर हजेरी, त्या आठवड्यातले वाढदिवस, कुणाचं तरी अर्ध्या तासाचं भाषण, चहा, आणि मग ज्यासाठी सगळे येतात त्या गप्पा. भाषणाला विषयाचं बंधन नाही. एकाने अणुऊर्जेवर बोलावं, दुसऱ्याने मूळव्याधीवर. वर्गणी वर्षाला ३०० रुपये. २०२० साली आम्ही २७ जण होतो. सर्वांत धाकटा ६१ वर्षांचा, सर्वांत मोठे ८८. चिटणीस मी, आणि हजेरीवही माझ्याकडे. ही वही पुढे पुन्हा येणार आहे.

अशी मंडळं काही आपल्याकडेच आहेत असं नाही. ब्रिटनमध्ये १९६० च्या दशकात निवृत्त व्यावसायिकांचे 'प्रोबस' क्लब निघाले. मुंबईत डॉ. मदन कटारिया यांनी १९९५ साली पाच माणसांनिशी हास्यक्लब सुरू केला आणि तो पुढे देशोदेशी गेला. गावोगावचे ज्येष्ठ नागरिक संघ तर आपल्या ओळखीचेच आहेत. लोकांना वाटतं, म्हातारी माणसं वेळ घालवायला जमतात. थोडं खरं आहे. पण २०१० साली अमेरिकेत ज्युलियन होल्ट-लुनस्टॅड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १४८ अभ्यास एकत्र करून पाहिले. त्यांत मिळून तीन लाखांहून अधिक माणसं होती. ज्यांचे माणसांशी संबंध घट्ट, त्यांची त्या त्या काळात जिवंत राहण्याची शक्यता इतरांपेक्षा ५० टक्क्यांनी जास्त निघाली. डॉक्टर मीठ कमी करा म्हणतात, साखर कमी करा म्हणतात. कट्ट्यावर जा असं चिठ्ठीवर लिहून देणारा डॉक्टर मला अजून भेटायचा आहे.

१२ मार्च २०२० च्या गुरुवारी आमची नेहमीसारखी सभा झाली. २२ तारखेला जनता कर्फ्यू, त्याच सुमारास लोकल बंद, आणि २५ मार्चपासून देशभर टाळेबंदी. ६५ वर्षांवरच्यांनी घराबाहेर पडू नये अशी सरकारी सूचना. आमच्यापैकी २३ जण त्यात बसत होते. रुळांजवळ राहणाऱ्या आमच्या एका सभासदाला गाडीचा आवाज नाही म्हणून झोप येईना.

पहिले दोन आठवडे आम्ही व्हॉट्सअॅपवर काढले. गुलाबाच्या फुलासकट सुप्रभात, लिंबू-आल्याचे काढे, एकच चित्रफीत पाच जणांकडून. यात कट्ट्यासारखं काहीच नव्हतं. फलकावर सूचना चिकटवावी आणि निघून जावं, तसा तो प्रकार. चित्र दिसणारा फोन लावावा, तर त्या वेळी व्हॉट्सअॅपवर एका वेळी चौघांनाच जोडता येत असे. एप्रिलच्या अखेरीस ते आठ झाले. दूरदर्शनने २८ मार्चपासून 'रामायण' पुन्हा दाखवायला सुरुवात केली, त्यावर काही दिवस गेले.

मग आमच्यातल्या एका निवृत्त पोस्टमास्तरांची नात पुढे आली. कॉलेजात शिकणारी मुलगी. तिने एकेका आजोबांना फोन करून 'झूम' नावाची सोय फोनवर बसवून दिली. चार दिवस लागले तिला. "आजोबा, निळं बटण दिसतंय का?" या प्रश्नाला "कुठल्या फोनवर? मी ज्याच्यावर बोलतोय त्याच्यावर?" असं उत्तर मिळालं तरी ती चिडली नाही. ९ एप्रिलच्या गुरुवारी पहिली सभा भरली. २७ पैकी १५ आले.

काय दिसलं म्हणाल तर चार पंखे, सहा कपाळं आणि एक कान. कान कोषाध्यक्षांचा. फोन म्हटल्यावर त्यांनी तो सवयीने कानाला लावला होता. सगळे एकदम बोलत होते आणि मधूनच कर्कश शिट्टी वाजत होती. ही शिट्टी का वाजते ते नातीने समजावून सांगितलं. एकाच घरात दोन फोन सभेला जोडले, की एकाच्या स्पीकरमधला आवाज दुसऱ्याच्या माइकमध्ये शिरतो, तिथून फिरून पुन्हा पहिल्यातून बाहेर येतो आणि प्रत्येक फेरीत वाढत जातो. गणपतीच्या मांडवात माइक कर्ण्यासमोर धरला की जे होतं तेच. आमच्यातले दोघे सख्खे भाऊ एकाच सोफ्यावर दोन फोन घेऊन बसले होते. एक फोन बंद केला आणि शिट्टी थांबली.

पुढच्याच गुरुवारी, १६ एप्रिलला, केंद्रीय गृहमंत्रालयाने झूम सुरक्षित नसल्याचं सूचनापत्रक काढलं. सरकारी कामासाठी ते वापरू नका, आणि खासगी वापर करायचाच असेल तर सभेला परवलीचा शब्द ठेवा, प्रत्येकाला दाराबाहेर थांबवून ओळख पटल्यावरच आत घ्या, अशा सूचना त्यात होत्या. कोषाध्यक्ष बँकेतून निवृत्त झालेले. त्यांनी तीन आठवडे सभेवर बहिष्कार टाकला. मग ओळख पटवून आत घेण्याचं काम त्यांच्याकडेच दिलं, तेव्हा आले.

फुकट मिळणाऱ्या झूमवर तेव्हा तीनपेक्षा कमी माणसं नसतील तर ४० मिनिटांनी सभा आपोआप बंद होत असे. आमची सभा दोन तास चालायची. एकेकाच्या तोंडात वाक्य अर्धं असताना पडदा काळा होई. पुन्हा जोडता येतं, पण दर वेळी दोघे-तिघे वाटेत गळतात. पैसे भरून मुदत वाढवावी असा ठराव आला आणि नापास झाला. आम्ही डोंबिवलीकर आहोत.

या गमतीजमती झाल्या. पण आठवड्यामागून आठवडे गेले तसं एक लक्षात येऊ लागलं. सभा संपली की माणूस ताजातवाना व्हायचा तो दमू लागला. खोलीत दोन तास बोलून जे होत नसे ते इथे ४० मिनिटांत होई. असं का, ते मी वाचलं, विचारलं, आणि जे समजलं ते सांगतो.

खोलीत आठ माणसं असली तर तीन गप्पा एकाच वेळी चालतात. आपल्याला दोन कान असतात, आवाज कुठल्या बाजूने आला ते कळतं, आणि मेंदू नको तो आवाज मागे सारतो. पडद्यावरच्या सभेत सगळे आवाज फोनच्या एकाच भोकातून येतात. बाजू उरतच नाही. शिवाय स्पीकरमधून आलेला आवाज पुन्हा माइकमधून जाऊ नये म्हणून फोन तो गाळत असतो, आणि गाळताना आपलाही आवाज दाबला जातो. दोघे एकदम बोलले की एकाचं अर्धं वाक्य गडप.

दुसरी गोष्ट उशिराची. एकाचं बोलणं संपतं आणि दुसऱ्याचं सुरू होतं, त्यामधलं अंतर किती असतं? २००९ साली जगातल्या दहा भाषांमध्ये हे मोजलं गेलं. सरासरी निघाली सेकंदाच्या पाचव्या हिश्शाच्या आसपास. म्हणजे समोरच्याचं वाक्य संपायच्या आत आपण तयार असतो. आता आवाज एका घरातून दुसऱ्या घरात पोचायला तेवढाच वेळ लागू लागला तर? दूरध्वनीच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या शिफारशीप्रमाणे एका बाजूचा उशीर १५० मिलिसेकंदांच्या आत असावा, म्हणजे संभाषण सुरळीत चालतं. संध्याकाळी घराघरांत सगळे एकदम इंटरनेटवर बसले की ही मर्यादा सहज ओलांडली जायची. मग दोघेही थांबतात, दोघेही "बोला, बोला" म्हणतात आणि दोघेही पुन्हा एकदम बोलतात.

आमच्यात गाडीतल्या भजनी मंडळाचे एक बुवा आहेत. त्यांनी आषाढीला भजन करायचंच असा हट्ट धरला. सगळ्यांनी माइक उघडे ठेवले, बुवांनी सुरुवात केली, आणि टाळ असे पडू लागले की जणू प्रत्येक जण वेगळ्या डब्यात. एकत्र गाताना-वाजवताना साधारण ३० मिलिसेकंदांच्या पलीकडे उशीर गेला की ताल विस्कटतो. इथे तो त्याच्या कितीतरी पट होता. शेवटी बुवांचा एकट्याचा माइक चालू ठेवला आणि बाकी सगळ्यांनी आपापल्या घरात, आपल्यापुरते टाळ वाजवले. बुवा नंतर म्हणाले, "तुम्ही सगळे वाजवत होता म्हणे. मला आपण मसणवटीत गातोय असं वाटलं."

आता अप्पांचं सांगतो. त्यांच्यासाठीच खरं तर मी हे भाषण करायला कबूल झालो, आणि त्यांना विचारूनच सांगतो आहे.

अप्पा तरुणपणी गिरणीत होते, साचाखात्यात, म्हणजे मागांवर. १९८२ च्या संपात गिरणी सुटली, मग एका छापखान्यात नोकरी केली. मागांच्या खडखडाटात माणसं हातवाऱ्यांनी आणि ओठांवरून बोलायची. त्या आवाजाने अप्पांचे कान तेव्हाच निम्मे गेले, उरलेले वयाने. वयाबरोबर कान जातात ते बारीक, उंच आवाजांपासून. बोलण्यातले स्वर जाड असतात, ते ऐकू येतात. स, श, फ, त, क ही व्यंजनं त्या उंच भागात असतात, ती निसटतात. म्हणून कानाने कमी असलेल्या माणसाला कुणीतरी बोलतंय हे समजतं, काय बोलतंय ते समजत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या म्हणण्याप्रमाणे साठीपुढच्या माणसांत चौघांपैकी एकाहून अधिकांना अडचण व्हावी इतकं कमी ऐकू येतं. आमच्या कट्ट्यावर हे प्रमाण नक्कीच जास्त होतं, फक्त कबूल कुणी करत नव्हतं.

खोलीत अप्पांचं निभायचं. ते ओठ वाचत. चहाचे कप वाटायचं काम त्यांचं, शेंगदाण्याची पुडी त्यांची. वर्षानुवर्षं फारसं न बोलता ते आमच्यातले होते. पडद्यावर मात्र नऊ चौकटींत पोस्टाच्या तिकिटाएवढे चेहरे, ओठ आणि आवाज मागेपुढे. अप्पा पाच-सहा गुरुवार आले. माइक बंद, चौकटीत कपाळ.

जूनमध्ये अप्पांच्या पत्नी गेल्या. हृदयविकाराचा झटका. मुलगा दुसऱ्या जिल्ह्यातून पास काढून आला. अंत्यविधीला वीस माणसांची मर्यादा होती, तेवढीही जमली नाहीत. आणि आम्हाला हे १३ दिवसांनी कळलं, तेही दूधवाल्याकडून. मधल्या काळात आमच्या दोन सभा झाल्या होत्या. एकीत उत्तम मतकोटाच्या कृतीवर चर्चा झाली होती.

हे कसं झालं? उत्तर सोपं आहे आणि ते माझ्याकडेच बोट दाखवतं. पडद्यावर सभा सुरू झाल्यापासून मी हजेरी घेणं सोडलं होतं. कोपऱ्यात किती जण आले तो आकडा दिसतो. कधी १८, कधी १७. मी त्या आकड्यावर खूश. वाचनालयाच्या खोलीत अप्पांची खुर्ची रिकामी दिसली असती. कप कुणी वाटायचे असा प्रश्न पडला असता. पडद्यावर एक माणूस कमी झाला की उरलेल्या चौकटी सरकतात आणि जागा भरून काढतात. सगळं पुन्हा नीटनेटकं दिसतं.

मी फोन केला. अप्पा रागावले नव्हते. म्हणाले, "तुमच्या सभेत मला काही समजत नव्हतं हो. सारखं काय, काय, किती वेळा विचारायचं? म्हणून यायचा थांबलो. वाटलं, येत नाही म्हणून कुणीतरी विचारेल."

आपल्याकडे घरात मृत्यू झाला की पुरुष मंडळी भेटायला जातात. जाऊन करतात काय? बसतात. कसं झालं ते एकदा विचारतात, आणि मग गप्प बसतात. अर्धा तास, तास. उठताना खांद्यावर हात ठेवतात. आम्ही अप्पांना पडद्यावर भेटायचं ठरवलं. मुलाने त्यांना फोनसमोर बसवलं. आम्ही अकरा जण. विचारपूस झाली आणि मग सगळे गप्प झाले. अर्ध्या मिनिटात एकजण म्हणाला, "आवाज येत नाहीये का?" दुसऱ्याने सांगितलं, "माझं नेट गेलं वाटतं." पडद्यावर शांत बसता येत नाही. तिथे शांतता म्हणजे बिघाड. शिवाय सगळे समोरासमोर, एकमेकांकडे बघत. तेही खरं बघणं नाही, कारण कॅमेरा असतो वर आणि चेहरा असतो खाली. चेहऱ्याकडे पाहिलं तर समोरच्याला आपण नजर चुकवतोय असं दिसतं. त्या दिवशी सगळ्यांनीच अप्पांची नजर चुकवली.

मग आम्ही साध्या फोनवर आलो. साध्या मोबाइलवरही आपल्याखेरीज पाच जणांना एका वेळी जोडता येतं, हे आमच्यातल्या फार थोड्यांना माहीत होतं. त्याला इंटरनेट लागत नाही. रोज पाच वाजता आम्ही अप्पांना जोडून घेऊ लागलो. नियम एवढाच की एका वेळी एकाने, सावकाश, फोन तोंडाशी धरून बोलायचं, आणि बोलायचं नसेल तर बोलायचं नाही. फोन कानाशी घट्ट, बघायला कुणी नाही. कुणाच्या घरची कुकरची शिट्टी ऐकू यायची, कुणाच्या खिडकीतला पाऊस. असा एक तास जाई. बागेतल्या बाकावर तरी आम्ही दुसरं काय करत होतो?

मी हजेरीवही पुन्हा काढली. सभेच्या सुरुवातीला एकेक नाव घ्यायचं, आणि प्रत्येकाने 'हजर' म्हणून एक वाक्य बोलायचं, मग ते आज भाजीत मीठ जास्त पडलं एवढंच का असेना. याने दोन कामं होतात. माइक चालतोय की नाही ते कळतं, आणि दर आठवड्याला प्रत्येकाचा आवाज एकदा तरी ऐकला जातो. आवाजावरून पुष्कळ कळतं. दोन-दोन सभासदांची जोडी लावली. ज्याचं नाव घेऊन उत्तर आलं नाही, त्याच्या जोडीदाराने त्याच संध्याकाळी फोन करायचा. सगळ्यांची एकत्र सभा महिन्यातून एकदाच ठेवली. इतर गुरुवारी आठ-नऊ जणांचे दोन गट. आठ जणांना ४० मिनिटं म्हणजे प्रत्येकाला पाच मिनिटं. मग ती मर्यादा जाचक वाटेना. वायरचे इयरफोन घ्यायला लावले, म्हणजे माइक तोंडाजवळ येतो आणि आवाज स्पीकरमधून फिरत नाही. उरलेले दहा जण साध्या फोनवर. त्यांतल्या काहींकडे स्मार्टफोन नव्हता, काहींकडे होता पण घरात तो एकच होता आणि त्यावर नातवाची शाळा भरत होती.

आमच्या एका सभासदाचा मुलगा मेलबर्नला असतो. त्याने सांगितलं की ऑस्ट्रेलियात १९९० च्या दशकापासून 'मेन्स शेड' नावाच्या जागा आहेत. मोठी कार्यशाळाच म्हणा. निवृत्त पुरुष जमतात, सुतारकाम करतात, जुन्या सायकली दुरुस्त करतात. त्यांचा अनुभव असा, की पुरुषांना समोरासमोर बसवून मन मोकळं करा म्हटलं तर ते हवापाण्यावर बोलतात. हाताला काम देऊन शेजारी-शेजारी उभं केलं, की रंधा मारता मारता कर्करोगाचा विषय निघतो. आमची सात बावन्नची गाडी तरी काय होती? सगळे एका दिशेने तोंड करून उभे.

तेव्हा पडद्यावरही काहीतरी काम हवं, हे ठरलं. पत्ते जमेनात, वाटणार कोण? अंताक्षरी उशिरामुळे भांडणावर गेली. चाललं ते शब्दकोडं. रविवारच्या पुरवणीतलं कोडं प्रत्येकाने समोर घ्यायचं आणि एकत्र सोडवायचं. मान खाली, नजर कागदावर. 'आडवा अकरा' कुणी म्हटलं की दोन-दोन मिनिटं कुणी बोलत नाही, आणि आवाज येत नाहीये का असंही कुणी विचारत नाही. विचार चाललेला असतो. एकदा 'उभा सात' अडलेला असताना आमच्यातला सर्वांत धाकटा म्हणाला, "माझी बायोप्सी झाली परवा." कुणीही मान वर केली नाही. थोड्या वेळाने पोस्टमास्तर म्हणाले, "रिपोर्ट कधी आहे? मी येतो बरोबर."

काही मिळालंही, ते सांगायला हवं. डोंबिवली सोडून गेलेले जुने सभासद परत आले. एक रत्नागिरीजवळच्या गावी, एक मुलाकडे बंगळुरूला, एक न्यू जर्सीत. आपले संध्याकाळचे पाच म्हणजे त्यांचे उन्हाळ्यात सकाळचे साडेसात. आमच्या हातात चहा, त्यांच्याही हातात चहा. १ मार्च २०२१ पासून साठीवरच्यांना लस मिळू लागली, तेव्हा कोविनवर नावं नोंदवायचं काम आम्ही सभेतच केलं. एका मोबाइल नंबरवर चौघांची नोंद होत होती, त्यामुळे ज्यांच्याकडे स्मार्टफोन नव्हता त्यांना आम्ही आपसांत वाटून घेतलं.

त्याच वर्षी एप्रिल-मेमध्ये आमचे तिघे गेले. दोघे कोविडने. प्रत्येक वेळी आम्हाला त्याच दिवशी कळलं, आणि पाच वाजता फोन गेला.

१५ ऑगस्ट २०२१ पासून दोन डोस घेतलेल्यांना लोकल खुली झाली. तेव्हा सुटं तिकीट मिळत नसे, फक्त मासिक पास. आम्ही पाच जणांनी एका फेरीसाठी महिन्याचा पास काढला, सीएसएमटीला गेलो, स्टेशनबाहेर कॉफी प्यायलो आणि परत आलो. घरच्यांनी वेड्यात काढलं.

बागेतला कट्टा त्यानंतर सुरू झाला आणि वाचनालयातली सभाही. आता पडद्याची गरज संपली असं वाटलं होतं. पण एकाच्या मांडीचं हाड मोडलं, ते अंथरुणावर. एक बदलापूरला मुलीकडे गेले. रत्नागिरी, बंगळुरू, न्यू जर्सी हे तिघे होतेच. मग खोलीत एक फोन उभा करून दोन्ही सभा एकत्र घ्यायला लागलो, आणि ही सर्वांत अवघड निघाली. खोलीतली माणसं एकमेकांत रमतात, फोनमधली भिंतीवरच्या तसबिरीसारखी लटकत राहतात. माइक टेबलावरच्या फोनचा. त्याला चहाच्या कपांचा खणखणाट स्पष्ट ऐकू येतो, कोपऱ्यातल्या माणसाचं बोलणं नाही.

यावर तोडगा काढला तो अप्पांनी. त्यांच्या कानाला आता यंत्र आहे, पण समोर काय चाललंय ते त्यांना अजून डोळ्यांनीच जास्त कळतं. ते म्हणाले, फोन टेबलावर नको, खुर्चीवर ठेवा. गोलातली एक खुर्ची, बसलेल्या माणसाच्या तोंडाइतक्या उंचीवर येईल असा पुस्तकांचा ढीग, त्यावर फोन. शेजारी जो बसेल त्याने त्या फोनमधल्या मंडळींची जबाबदारी घ्यायची. त्यांना ऐकू आलं नाही तर त्याने सांगायचं, त्यांना बोलायचं असेल तर त्याने हात वर करायचा. बहुतेक गुरुवारी शेजारी अप्पाच असतात.

वहीत मी आता तीन प्रकारची खूण करतो. खोलीत आलेल्याला 'उ', पडद्यावरच्याला 'प', साध्या फोनवरच्याला 'फो'. गेल्या गुरुवारी १४ उ, ५ प, २ फो झाले. एका नावापुढे काहीच लिहिता आलं नाही. सभा संपायच्या आत त्याच्या जोडीदाराने फोन लावला होता. गृहस्थ झोपले होते.